टेलरमास्तरांची ओली भिंत

टेलरमास्तरांना एखादी गोष्ट पटली की ती साऱ्या गल्लीला पटवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यांनी शिवलेली विजार कमरेत घट्ट झाली, तर गिऱ्हाईकच सुटलंय हे ते गळ्यात टेप अडकवून इतक्या ठामपणे सांगत, की बिचारा घरी जाऊन जेवण निम्म्यावर आणी. असा माणूस भिंतीच्या ओलीवर गप्प बसेल होय?

घर जुनं, जाड भिंतींचं. खाली पुढच्या खोलीत मास्तरांचं दुकान, मागे नवरा-बायकोचा संसार. वर एकटी राहणारी, नोकरीतून निवृत्त झालेली नर्स. सगळे तिला सिस्टरच म्हणत. दुकानात बाहेरच्या भिंतीला टेकून कापडाची लांबलचक लाकडी पेटी होती. त्या पेटीच्या वरच्या अंगाला भिंतीने पोपडे धरले, पांढरा खार फुटला, शिवून टांगलेल्या कोटांना कुबट वास यायला लागला. मास्तरांनी नाक वर केलं, डोळे वर केले आणि निकाल देऊन टाकला, "सिस्टरची मोरी!"

"अहो, पण छत तर कोरडं ठणठणीत आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पाणी काय तुला विचारून येतं? ते भिंतीच्या पोटातून उतरतं. आतल्या आत!"

झालं. त्या दिवसापासून वर बादली वाजली की खाली मास्तर वाजू लागले. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून ओरडायचे, "सिस्टर, धबधबा आवरा!" आणि गिऱ्हाइकांकडे वळून म्हणायचे, "जन्मभर रोग्यांची अंगं पुसली, आता बाई माझ्या भिंतीला आंघोळ घालतायत." लोक हसत. कोण कोण हसलं ते विचारू नका. सगळेच हसले.

सिस्टरलाही ते खरंच वाटलं. तिने गवंडी बोलावून मोरीच्या फरशीच्या सांधी भरून घेतल्या. तरी ओल हटेना. मग ती धुणं बांधून पलीकडच्या रस्त्यावर बहिणीकडे धुवायला नेऊ लागली. ओल आणखी दोन बोटं वर सरकली. मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी थेट घरमालकांनाच गाठलं. मालक कानाने अधू, सोयीचं तेवढंच ऐकणारे. पण 'बाई घर कुजवतेय' एवढं त्यांना बरोब्बर ऐकू आलं. सिस्टरला महिनाअखेर खोली सोडायला सांगितली गेली.

मास्तर त्या दिवशी शीळ घालत कापड बेतत होते.

आणि मग एका दुपारी विजारीने घात केला. इस्त्रीसाठी पाणी शिंपडायची बादली खाली ठेवलेली, वर खुंटीला गिऱ्हाइकाची विजार. वाऱ्याने तिचा एक पाय बादलीत पडला. मास्तर चहा पिऊन येईपर्यंत पाणी पायाच्या खालच्या काठापासून पार गुडघ्यापर्यंत चढलेलं. "हात्तिच्या!" म्हणत त्यांनी ती पिळायला घेतली आणि पिळता पिळता हात थांबला. बादली खाली. ओल गुडघ्यात. हयात कापडात गेलेल्या माणसाला कुणी सांगायला हवं होतं का, की कापड पाणी वर ओढतं म्हणून?

त्यांनी बायकोला हाक मारली. दोघांनी मिळून पेटी ओढली. पेटीमागची भिंत जमिनीपासून वर काळीकुट्ट, हात लावला तर गिलावा ओल्या भाकरीसारखा हातात आला. वर जावं तशी ओल कमी कमी.

दोघं बाहेर आले. नेमकं तिथंच, भिंतीला टेकून, मास्तरांचे गुलाब! गाडीभर माती आणवून, भिंतीलगत गुडघाभर उंच रचून केलेला वाफा. घरातली फरशी खाली, वाफा वर. आणि मास्तर सकाळ-संध्याकाळ हौसेनं पाणी देणार, ते भिंत पीत बसलेली.

"आता?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"आता काय, माती काढतो."

"आणि सिस्टर?"

मास्तर फावडं शोधायला लागले. "ती जातेच आहे की आता. सामान बांधलंय म्हणतात. उगाच कशाला... झाकली मूठ..."

मास्तरीणबाई एरवी एकाला दहा ऐकवणाऱ्या. त्या दिवशी काही न बोलता आत गेल्या. मास्तरांना ते दहापेक्षा जास्त लागलं.

माती उपसताना मास्तर सारखे मागे वळून बघत होते. तेवढ्यात जिन्यावरून सिस्टर उतरली, काखेत धुण्याचं गाठोडं. वाफा उकरलेला बघून थबकली.

"अगंबाई! मास्तर, गुलाब का उपटताय? माझ्या पाण्यानं मुळं कुजली का हो?"

मास्तरांनी मान हलवली. हो म्हणून.

"मी गेले की पुन्हा लावा हं," ती म्हणाली. गाठोडं खाली ठेवून तिने एक रोप उचललं, मुळांवर फडकं गुंडाळलं, जखमेला पट्टी बांधावी तसं. "असं ठेवलंत तर जगतील."

ती गेली. मास्तर मशिनवर जाऊन बसले. सुईत दोरा जाईना. तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं, नुसती मान हलली होती, अशी ते स्वतःची समजूत घालत राहिले. पण मान काय शेजाऱ्याची होती? कानशिलं तापली. एका कोटाला दोन्ही बाह्या उजव्या लागल्या.

सकाळी दुकान न उघडताच ते जिना चढले. सिस्टरने दार उघडलं आणि ते काही बोलायच्या आतच म्हणाली, "आज पाणी नाही सांडलं हो मास्तर. आंघोळसुद्धा हल्ली बहिणीकडेच करते."

तिच्या मागे मोरी दिसत होती. तिच्यात बांधलेल्या सामानाची खोकी रचलेली. पुठ्ठ्याची! इतकी ती मोरी कोरडी.

गल्ली गाजवणारे मास्तर हळूच म्हणाले, "सिस्टर, ओल तुमची नाही. माझ्या वाफ्याची आहे. माझ्याच मातीची."

"कधी कळलं?"

"काल दुपारी."

"म्हणजे मी गुलाबांचं विचारलं तेव्हा..."

"माहीत होतं मला."

सिस्टरने हातातली सुतळी खाली ठेवली. मग म्हणाली, "मालकांना फोन लावा. इथंच. माझ्यासमोर."

मास्तरांनी लावला. हळू आवाजात सांगितलं. पलीकडून मालक ओरडले, "काय? बाईंनी पुन्हा पाणी सांडलं?"

"नाही हो, चूक माझी आहे!"

"कुणाची? बाईंची ना? मी म्हटलंच होतं!"

"माझी! माझी! टेलरची! ओल माझ्या मातीची आहे, बाईंची काही चूक नाही!"

खिडकी सताड उघडी. समोरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. दूधवाला सायकलवरून उतरून वर बघू लागला. मास्तरांना हे तीनदा ओरडून सांगावं लागलं, तेव्हा कुठे मालकांच्या कानात शिरलं. "अस्सं होय! मग बाईंना म्हणावं, राहा खुशाल."

मास्तरांनी घाम पुसला. "ऐकलंत ना? राहा म्हणाले."

"राहायचं का नाही ते मी ठरवीन," सिस्टर म्हणाली. "हाकललं म्हणून जायची नाही, आणि तुम्ही म्हणालात म्हणून राहायची नाही." आणि दार लावून घेतलं.

खाली उतरताना न्हाव्याने हाक मारलीच, "काय मास्तर, भिंत काय म्हणते?" मास्तर फावडं उचलून उरलेली माती उपसायला लागले.

सिस्टर राहिली. दोन दिवसांनी खोकी मोरीतून बाहेर आली. खालची भिंत अजून वाळतेच आहे. जाड भिंतीला वेळ लागतो. जिन्यात गाठ पडली तर सिस्टर मान हलवते, मास्तर अंग चोरून भिंतीला टेकतात आणि वाट देतात. कपडे मात्र ती आता पलीकडच्या रस्त्यावरच्या शिंप्याकडे शिवायला टाकते.