व्याह्यांचा पोलिश मास्तर

कॅनडात बुद्धिबळ खेळणारे पुष्कळ असतील, पण पटाला हातसुद्धा न लावता उभा जन्म बुद्धिबळात काढलेला माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा आहे. आमचे व्याही म्हणजे एका पोलिश बुद्धिबळ-मास्तरचं चालतंबोलतं चरित्र. हा मास्तर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला. जगज्जेता तो कधी झाला नाही. "पण जे झाले, त्या प्रत्येकाला त्याने एकदा तरी घाम फोडला," हे व्याही अशा काही तोऱ्यात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचा सख्खा चुलता असणार. मी हे पहिल्यांदा ऐकलं ते वॉन शहरातल्या आमच्या घरी, दोन्ही घरांची पहिली भेट झाली तेव्हा. मुलांनी आपसात सगळं ठरवून टाकलेलं होतं, आम्ही मोठी माणसं केवळ पोहे खाण्यापुरती जमलो होतो. तरी रीत म्हणून आमच्या ह्यांनी विचारलं, "मग, मुलगी कशी वाटली?" व्याह्यांनी उत्तर न देता एक पाकीट मागितलं. त्या काळी म्हणे डाव दिवसभरात संपला नाही तर पुढची चाल कागदावर लिहायची, पाकिटात बंद करून पंचाच्या हवाली करायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष ते पाकीट फोडून डाव पुढे चालू करायचा. मास्तर महत्त्वाचं काहीच घाईने बोलत नसे, चाल बंद करून शांत झोपायला जाई. व्याहीही चाल बंद करून शांतपणे लेकाकडे झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं, "मुलगी उत्तम. पोह्यांत मीठ एक घर पुढे गेलं आहे." आमचे हे आठवडाभर हसत होते. पोहे मी केले होते, त्यामुळे मला हसायला थोडा जास्त वेळ लागला.

मास्तरच्या आयुष्यातला कोणता प्रसंग व्याह्यांच्या अंगात कधी संचारेल याचा नेम नाही. मास्तर शिंप्याचा मुलगा, पण शिंप्याच्या घरातले चांगले कपडे नेहमी दुसऱ्यांचेच. पहिल्या मोठ्या स्पर्धेला तो मेहुण्याचा कोट घालून गेला. बाह्या हाताबाहेर लोंबणाऱ्या. ऐन रंगात आलेल्या डावात बाहीच्या धक्क्याने हत्ती कलंडला, मास्तरने घाईने तो धरला, आणि समोरचा म्हणाला, हात लावलास ना, आता हत्तीच चालव. जिंकलेला डाव गेला. तेव्हापासून मास्तर बाह्या कोपरापर्यंत दुमडल्याशिवाय पटाशी बसला नाही, आणि आमचे व्याही बाह्या दुमडल्याशिवाय कशालाच बसत नाहीत, वर्तमानपत्र वाचायलाही नाही आणि सत्यनारायणालाही नाही. भर जानेवारीत बाहेर बर्फ शोव्हल करायला जातात तेही जाकिटाच्या बाह्या वर सारून. तिथे पुन्हा मास्तरचं दुसरं तत्त्व आडवं येतं. "आधी मधली घरं धरायची, कडा आपोआप येतात." त्यामुळे ड्राइव्हवेच्या मधोमध एक सुबक काळा चौकोन तयार होतो, त्याच्या एका बाजूला गाडी अडकलेली असते आणि दुसऱ्या बाजूला रस्ता. ऑफिसला उशीर झालेला माझा जावई दात-ओठ खात उरलेलं काम करतो. "बाबा, कडा आजवर कधी आपोआप आल्यात का?" असं त्याने एकदा विचारलं. "तुला धीर नाही," एवढंच बोलून बाबा चहा प्यायला आत गेले.

व्याह्यांना हा मास्तर भेटला विनिपेगमध्ये. इंजिनियर म्हणून ते नवे नवे आले, तेव्हा एका म्हाताऱ्या पोलिश माणसाच्या घरात माडीवरच्या खोलीत राहत. लग्न झालेलं, पण बायको अजून मिरजेला. तिला, म्हणजे माझ्या विहिणीला, मी ताई म्हणत असे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि बोलायला घरमालकाशिवाय दुसरं माणूस नाही. तो दर रविवारी दुपारी बिटाचं सूप वाढायचा आणि सोबत मास्तरची कारकीर्द थोडी थोडी वाढायचा, कारण तरुणपणी त्याने मास्तरला खेळताना पाहिलं होतं. गावच्या कॉफीघरात मोठ्या माणसांच्या खांद्यांवरून डोकावत मास्तर खेळ शिकला. देश नुकताच पुन्हा आपल्या पायांवर उभा राहिलेला. त्या देशाच्या संघातून तो रेल्वेच्या लाकडी बाकांवर बसून, मांडीवर पट घेऊन युरोपभर हिंडला. खेड्यापाड्यांत जाऊन एका वेळी शाळाभर लोकांशी खेळायचा, आणि हरणाऱ्याला त्याची चूक समजावून दिल्याशिवाय पुढच्या पटाकडे सरकायचा नाही, त्यामुळे परतीची गाडी हमखास चुकायची. शेवटी संघाबरोबर जहाजाने पार दक्षिण अमेरिकेत खेळायला गेला. तिथे डाव चालू असतानाच इकडे युद्ध पेटलं. बरोबरचे बरेच जण म्हणाले, आपण इथेच राहू. मास्तरची बायको पोलंडमध्ये. बंदरात परत जाणारं जहाज लागलेलं, आणि मास्तर हातात बॅग घेऊन धक्क्यावर उभा. गोष्ट इथवर आली आणि त्याच आठवड्यात घरमालकाला त्याची मुलगी दूर आपल्या गावी घेऊन गेली. मास्तर धक्क्यावर उभा राहिला तो राहिलाच.

पुढे ताई विनिपेगला आली, आणि आल्या आल्या तिला ही अर्धी गोष्ट ऐकावी लागली. व्याही म्हणाले, "तिथेच राहिला असणार. शहाणा माणूस होता, जळत्या घरात कोण परत जातं?" ताई म्हणाली, "गेला असणार. बायको तिकडे होती ना?" झालं. त्या दिवशी जो वाद सुरू झाला तो ताई असेपर्यंत चालू होता. मी स्वतः तो जेवणाच्या टेबलावर, लग्नाच्या हॉलमध्ये, आणि एकदा तर इमर्जन्सीत डॉक्टरची वाट बघताना ऐकलाय. मास्तर हे निमित्त होतं, हे कोणीही ओळखावं. ताईला मिरजेला परत जायचं होतं. व्याही म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. मग बढती आली, मग मुलाची शाळा आली, मग नातीचा जन्म झाला, आणि पुढचं वर्ष काही आलं नाही. ताई इथेच गेली.

त्यानंतर व्याही विनिपेगचं घर विकून लेकाकडे, वॉनला, बेसमेंटमध्ये राहायला आले. मास्तरची गोष्ट सुरूच राहिली, पण आता ती ऐकवत नसे. धक्क्यापर्यंत आले की ते म्हणायचे, "तिथेच राहिला असणार," आणि थांबायचे. ताईने बोलायची ती जागा. कोणी काही बोलत नसे. नात म्हणायची, "आजोबा, जस्ट गूगल हिम ना." त्यावर ते चिडायचे. "फोनने पाहिलंय का त्याला? ज्याच्या माणसांनी त्याला पाहिलंय, त्याच्या तोंडून ऐकेन." मला मात्र एकदा गाडीत खरं काय ते सांगितलं. "विहीणबाई, तिचं बरोबर होतं की माझं, तेवढं मला मरायच्या आत कळलं पाहिजे हो."

दर मंगळवारी मी त्यांना सीनियर्स क्लबला घेऊन जाते. मी योगासाठी जाते, ते बोलण्यासाठी. या हिवाळ्यात तिथे एक पोलिश आजोबा यायला लागले, नव्वदीचे, ताठ, खिडकीशी पट मांडून एकटेच बसणारे. व्याही त्यांच्याकडे गेले आणि मास्तरचं नाव घेतलं. आजोबांनी चष्मा काढला. "माय फादर न्यू हिम. सेम टाउन, सेम कॅफे." व्याह्यांनी खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, आता पाणी आणावं लागणार. "देन टेल मी," ते म्हणाले, "डिड ही गो होम?" आजोबांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "फर्स्ट वी प्ले. आय डोन्ट टॉक अबाउट हिम विथ पीपल हू डोन्ट प्ले."

आता आली का पंचाईत. व्याही बुद्धिबळ शिकले होते, पण लहानपणी, मिरजेच्या आजोबांकडून आणि आपल्या जुन्या देशी नियमांनी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. त्यानंतर त्यांनी पट मांडला नव्हता. मास्तरची सगळी कारकीर्द पाठ, खेळ मात्र मिरजेच्या आजोबांचा. तरी बसले. बाह्या दुमडल्या. एकेक प्यादं एकेक घर पुढे ढकलू लागले. ही काय नवी खोल चाल आहे, म्हणून पोलिश आजोबा सुरुवातीला बराच वेळ कपाळाला हात लावून विचार करत बसले. मग व्याह्यांच्या राजाने अडीच घरं उडी मारली. आजोबांनी राजाला डोक्याला धरून उचललं आणि जागेवर आणून ठेवलं. "नो," ते म्हणाले. त्यानंतरची कत्तल मी सांगत नाही. योग सोडून मी बाजूला उभी होते, आणि पटावर व्याह्यांचा राजा आणि एक प्यादं एवढंच उरलं होतं.

आजोबांचा वजीर ते प्यादं मारायला निघाला, आणि व्याह्यांनी चटकन प्याद्यावर तळहात धरला. "नो, नो. डोन्ट टेक इट. यू विल लूज युअर विन." आजोबांना कळेना. मग व्याह्यांनी सावकाश समजावून सांगितलं. देशी खेळात समोरच्याचं सगळं मारून राजा एकटा पाडला की बुर्जी होते, म्हणजे डाव बरोबरीत सुटतो. जिंकायचं असेल तर समोरच्याकडे काहीतरी राहू द्यायचं आणि मग मात करायची. हा माणूस स्वतः हरत होता आणि समोरच्याचं जिंकणं हातचं जाऊ नये म्हणून धडपडत होता. मला हसू येत होतं आणि त्यांचा अभिमानही वाटत होता. "हू मेड धिस रूल?" आजोबांनी विचारलं. "माय ग्रँडफादर्स पीपल," व्याही म्हणाले. आजोबांनी वजीर मागे घेतला, प्यादं होतं तिथे राहू दिलं, आणि दुसरीकडून वळसा घालून मात केली.

"ही वेंट होम," मोहरे गोळा करत ते म्हणाले. मिळालं त्या पहिल्या जहाजाने गेला. पुढे सगळी वाट काढत कसाबसा गावी पोचला. त्या हिवाळ्यात आजोबांच्या वडिलांनी त्याला बायकोबरोबर रस्त्याने जाताना पाहिलं होतं. तिने त्याचा हात घट्ट धरलेला होता. "अँड देन?" मीच विचारलं, मला राहवेना. "देन द रेस्ट ऑफ द वॉर," आजोबा म्हणाले, आणि डबी बंद केली.

गाडीत बसल्यावर व्याह्यांनी दुमडलेल्या बाह्या खाली ओढल्या. "तिचं बरोबर होतं," ते म्हणाले. मी म्हटलं, कळलं ना एकदाचं, बरं झालं. त्यांनी मान हलवली. पुढचा सिग्नल आला, सुटला. मग अगदी हळू म्हणाले, "इतकी वर्षं भांडलो हो. आता तिच्याशी बोलू काय?"

मी मुलीकडची, इतक्या वर्षांत व्याह्यांचं म्हणणं कधी तोंडावर खोडलं नव्हतं. पण त्या दिवशी मी सरळ म्हटलं, "कशावरून गेला? त्या आजोबांनी थोडंच पाहिलंय, त्यांच्या वडिलांनी पाहिलं म्हणे. वडील दुसऱ्याच कुणाला बघून आले असतील. मी सांगते, तो तिकडेच राहिला. शहाणा माणूस होता, जळत्या घरात कोण परत जातं?"

व्याही ताठ बसले. "काहीतरीच काय बोलता विहीणबाई? बायको तिकडे असताना माणूस राहील का? तुम्हाला माणसंच कळत नाहीत." शब्द न् शब्द ताईचा होता. मी माझा हेका सोडला नाही, त्यांनी त्यांचा सोडला नाही, आणि घर आलं तरी ते गाडीतून उतरायला तयार नव्हते. आता दर मंगळवारी मी हा विषय काढते, आणि दर मंगळवारी ताईकडून हरते.