आमच्याकडे सगळं छान

माझी ताई माझी सख्खी मोठी बहीण आहे, आणि ती माझ्या मनातून पार उतरलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात कुणी गोडवा शोधायला नको. सांगायचंय खरं तर तिच्या मुलीबद्दल. पण आईला वगळून त्या पोरीची गोष्ट सांगता येत नाही, तिथेच सगळं घोडं अडतं.

पोरीला मी दगडोबा म्हणते. लहानपणी खिशात खडे भरून आणायची. आता विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकते, म्हणजे उद्योग तोच, फक्त फी भरून. दगडाचा कागदासारखा पातळ काप घासून काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे तिचं सगळ्यात आवडतं काम. गोळ्यांमुळे हात थरथरतात, म्हणून तिचे निम्मे काप तुटतात. मग ती नवा दगड घेऊन पुन्हा घासायला बसते.

गोळ्या मनाच्या आजाराच्या. एरवी ती माझ्यापेक्षा जास्त बोलते, आणि माझं केस कापायचं दुकान आहे, म्हणजे बोलणं हा माझा निम्मा धंदा. पण आजार उलटला की ती भिंतीकडे तोंड करून पडते, ती आठवडेच्या आठवडे. आंघोळ नाही, बोलणं नाही, अन्न ताटातच सुकतं. दोनदा तिला इस्पितळात ठेवावं लागलं. पहिल्या वेळी ताईने शेजारणीला सांगितलं, लेक कॉलेजच्या सहलीला गेलीय. शेजारीण भारी चिवट, पुढे महिनाभर सहलीचे फोटो मागत होती.

ताई एका हॉटेलच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करते. भावजी गेल्यावर तिने एकटीने संसार ओढला आणि कुणापुढे हात पसरला नाही, हे मी नाकारत नाही. पण कुणी काहीही विचारलं तरी तिचं उत्तर ठरलेलं: आमच्याकडे सगळं छान.

दगडोबाला सरकारकडून अपंगत्वाचा भत्ता मिळायचा. त्यात फी निघायची, गोळ्या निघायच्या, आणि बसमध्ये पाऊल टाकवत नाही अशा दिवशी टॅक्सी. त्याच्या जोरावर ती निम्मे विषय घेऊन, दुप्पट वर्षं लावून शिकत होती. भत्ता बंद झाला तर पूर्णवेळ नोकरी धरणं भाग होतं. तो प्रयोग एकदा करून झाला होता, कपड्यांच्या दुकानात, आणि त्याचा शेवट दुसऱ्यांदा इस्पितळात झाला. थोडक्यात, भत्ता गेला की शिक्षण गेलं.

एकदा मला म्हणाली, "मावशी, विद्यापीठाच्या खिडकीवर सांगायचं, मला जमतं, मला घ्या. भत्त्याच्या खिडकीवर सांगायचं, मला जमत नाही, मला द्या. दोन्ही खरंच आहे गं. पण या खिडकीवरचा माणूस उठून त्या खिडकीवर बसला, तर मी खोटारडी ठरेन."

यंदा भत्त्याची फेरतपासणी निघाली. अधिकारी घरी येऊन बघणार, प्रश्न विचारणार आणि त्यावर भत्ता राहणार की जाणार ते ठरणार. नेमका त्याच सुमारास तिचा आजार उलटला. "आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आजारी पडले," असं उशीत तोंड खुपसून म्हणाली. मग मला म्हणाली, "मावशी, तू त्या दिवशी शेजारी बस. मला बोलता आलं नाही तर तू सांग. आणि आई, तू काही आवरू नकोस. जसं आहे तसं दिसू दे त्यांना." ताई हो म्हणाली. मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी गेले, तर दारातच फिनेलचा वास. ताईने पहाटे उठून घर घासून काढलं होतं. उशाच्या गोळ्या कपाटात गेल्या होत्या, सुकलेली ताटं धुऊन फळीवर लागली होती. टेबलावर नवा कपडा, त्यावर शाळेतली बक्षिसं. आणि खुर्चीवर दगडोबा, कडक इस्त्रीच्या शर्टात, केसांची घट्ट वेणी घातलेली. चारच दिवसांपूर्वी त्या केसांत माझी बोटं शिरत नव्हती, इतका गुंता होता. मी मागून वेणी चाचपली. गुंता मुळापासून कापला होता आणि वरून केस ओढून जागा झाकली होती.

"ताई, हे काय करून ठेवलंस?"

"परका माणूस यायचाय. घाणीत बसवू का त्याला?"

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं म्हणून काय पोरीचा तमाशा मांडू? तू जा, चहा टाक."

 दगडोबाला न्हाऊ घातलं, तिने घालू दिलं. नको म्हणायलाही अंगात जीव लागतो.

अधिकारी तरुण होता, बोलायला नरम. मी स्वयंपाकघरात असले तरी शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"सकाळी तुमच्या तुम्ही उठता का?" त्याने तिला विचारलं. गोळ्यांनी तिची जीभ जड होते, उत्तराला वेळ लागतो. तेवढ्यात ताई म्हणाली, "हो तर. माझ्याही आधी उठते."

"स्वयंपाक वगैरे?"

"सगळं येतं तिला."

"बाहेर एकट्या जातात?"

"विद्यापीठात जाते ना. फार हुशार आहे हो. ही बघा तिची बक्षिसं."

चहा गेला खड्ड्यात, मी बाहेर आले. "साहेब, यातलं काही खरं नाही. ही पोर कित्येक दिवस पलंगावरून उठलेली नाही. आजची आंघोळसुद्धा आईने घातलीय."

त्याने ताईकडे पाहिलं. ताई हसली. पाहुण्यांसमोर हसते ना, तसं. "हिचं मनावर घेऊ नका. पार्लरवाली आहे, तिखटमीठ लावायची सवय. वर्षातून एकदा कधीतरी येते, हिला काय माहीत?"

दर रविवारी मी त्या घरी जेवते. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं, तेही सख्ख्या बहिणीच्या हातून.

अधिकाऱ्याने पुन्हा दगडोबाला विचारलं, "तुम्हीच सांगा. आई म्हणतात ते बरोबर आहे?"

तिने आईकडे पाहिलं. नाही म्हणावं, तर परक्यासमोर आई खोटी पडणार. ताई टेबलाचा कपडा सरळ करत होती, तिने वर पाहिलंच नाही.

"आई म्हणते ते बरोबर आहे," दगडोबा म्हणाली.

भत्ता बंद झाला. ताई म्हणाली, "मी तर तिची बाजूच घेतली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दगडोबा भांडली नाही. जरा उठता येऊ लागल्यावर पिशवी भरून माझ्या दुकानामागच्या खोलीत राहायला आली. तिथे पहिल्याच संध्याकाळी, टॉवेलांच्या घड्या घालता घालता, ती रडली. "मी आईकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, मावशी. काही करू नकोस, एवढीच."

फी भरता येईना, तेव्हा विद्यापीठातल्या तिच्या प्राध्यापक बाईंनी सत्र संपेपर्यंत तिची जागा धरून ठेवली. त्याआधी भत्ता परत सुरू झाला तर ठीक, नाहीतर नाव कमी. आम्ही अपील केलं. सुनावणीला मी तिच्याबरोबर गेले, तर ताई आमच्याआधीच येऊन बाकावर बसलेली. कुणी बोलावलं नव्हतं. दगडोबाने तिला बाहेरच थांबायला सांगितलं.

आत अपील ऐकायला चष्म्यातल्या एक वयस्क अधिकारी बाई होत्या. या वेळी दगडोबाने स्वतः सांगितलं, थांबत थांबत, पण सगळं. भिंत, ताटं, आंघोळ, इस्पितळ. मला तोंड उघडावं लागलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण मागच्या वेळी तुमच्या आईने अगदी वेगळं सांगितलं होतं. बाहेर बसल्यात त्याच ना? बोलावून विचारते."

"नको," दगडोबा म्हणाली. "ती माझ्याबद्दल फार चांगलं बोलते."

दार उघडंच होतं. बाईंनी ताईला बोलावलं नाही. मग निकाल कळवू म्हणाल्या, आणि सहीसाठी तिला थांबवून घेतलं.

मी बाहेर आले. ताईचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. "मी काय माझ्या पोरीबद्दल परक्यांसमोर वाईट बोलायचं होतं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

दगडोबा आली. ताई उठून म्हणाली, "चल, घरी चल."

"मावशीकडे जाते," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.