पहिल्या दाव्यातला कॅमेरा

मंचरच्या बाजारपेठेत घेवरचंदशेठचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. जागृती ही त्यांची थोरली मुलगी. ती इंजिनिअर झाली, मग पेटंटची परीक्षा दिली आणि पुण्यातल्या कंपन्यांचे शोध कागदावर बांधून द्यायला लागली. शोधात नवं काय आणि त्यावर हक्क कुठवर, हे ती अशा भाषेत लिहायची की शोध लावणाऱ्यालाही ते पुन्हा वाचावं लागे.

तिच्याकडे वैजयंती मॅडम आल्या. त्यांच्या कंपनीनं उसाच्या बांधावर लावायची पेटी बनवली होती. कॅमेऱ्यानं जनावर टिपायचं, ते बिबट्याच आहे याची इंटरनेटवरून खात्री करायची आणि मग भोंगा वाजवायचा. बिबट्याला सवय होऊ नये म्हणून भोंगा दर वेळी वेगळा आवाज काढायचा.

"मॅडम, खरं नवं आहे ते हे आवाज बदलणं," जागृती म्हणाली. "पेटंटमध्ये आपला हक्क सांगणाऱ्या पहिल्या दाव्यात तेवढंच ठेवू. तिथं जितकं कमी लिहू तितकं कुंपण मोठं. कॅमेरा आत घातला, तर बिनकॅमेऱ्याची पेटी करणाऱ्याला आपण धरू शकणार नाही."

"कॅमेऱ्यावर आमची सगळी टीम राबलीय," मॅडम म्हणाल्या. "तो काढला तर उरतो भोंगा. भोंगा कोण चोरणार?"

कॅमेरा पहिल्या दाव्यात गेला. पुढं पेटंट मिळालं, मॅडमनी ते फ्रेम करून ऑफिसात लावलं आणि पेट्या पारगावच्या शिवारात लागल्या.

काही दिवसांनी गोरख नावाच्या ऊसवाल्याचा मॅडमना फोन आला. "पेटी लई हुशार हाय. पर रेंज न्हाई, म्हणून बसती इचार करत. तवर बिबट्या पलीकडच्या रानात."

तरीही पेटीची नक्कल झाली. कुणीतरी मंचरला तशीच पेटी विकतंय हे कळल्यावर मॅडम खूशच झाल्या. कॉपी झाली म्हणजे माल खरा! त्यांनी फोटो पाठवला आणि नोटीस काढायला सांगितलं. जागृतीनं फोटो मोठा करून पाहिला. पेटीवर स्टिकर होतं, 'घेवरचंद इलेक्ट्रिकल्स'.

दुकान आता तिचा धाकटा भाऊ प्रितम बघत होता. तिनं लगेच मॅडमना नातं सांगितलं आणि प्रकरण दुसऱ्या वकिलाकडे द्यायला लावलं. त्या वकिलानं पेटी उघडून पाहिली. आत कॅमेरा नव्हता. काही हललं की भोंगा वाजायचा, दर वेळी नव्या आवाजात. कॅमेरा नाही म्हणजे पेटंटचा भंग नाही, असं त्यानं कळवलं.

"भावासाठीच ही फट ठेवली होतीत ना?" मॅडमनी फोनवर विचारलं. कॅमेरा दाव्यात घालायला लावला होता तो मॅडमनीच. पण मॅडम आपलं तेव्हाचं बोलणं खरोखरच विसरल्या होत्या. तिनं फोन ठेवला आणि मंचर गाठलं.

"अरे, लोकांची कल्पना उचलायला लाज नाही वाटली?"

"कसली कल्पना? आमी त्यातली हुशारी काढली आन स्वस्त केली," प्रितम म्हणाला. "कुत्रं आलं तरी वाजती, पावणं आलं तरी वाजती. लोक म्हंत्यात, वाजू द्या. ताई, आता ह्याचं पेटंट आपल्या नावावर कर ना."

"नाही मिळणार. आवाज बदलायची युक्ती मॅडमच्या पेटंटमध्ये आधीच छापून आलीय. ती आता नवी राहिली नाही."

"म्हंजी त्यांचं तू लिहून दिलंस, आन सख्ख्या भावाचं न्हाई?" प्रितम दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

बोलला तो मॅडमशी. त्यांच्या पेट्या पडून होत्या आणि प्रितमला दुकानात बसून मागणी पुरवता येत नव्हती. दोघांनी मिळून बिनकॅमेऱ्याची पेटी काढायचं ठरवलं. करार करायला जागृतीला कुणीच बोलावलं नाही. मॅडमच्या मते ती प्रितमची बहीण, प्रितमच्या मते ती मॅडमची वकील.

पारगावला उद्घाटनाचा कार्यक्रम झाला. जागृती गेली. न जावं तर रुसली म्हणतील, हा विचार तिनं केलाच होता. मॅडमनी व्यासपीठावरून सांगितलं, की साधेपणा हाच आमच्या संशोधनाचा गाभा आहे. सूत्रसंचालकानं पाहुण्यांची ओळख करून देताना तिच्याकडे हात केला.

"प्रितमशेठच्या भगिनी जागृतीताई. त्यांचा या शोधाशी काही संबंध नाही, तरी त्या वेळात वेळ काढून आल्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जागृतीनं उठून नमस्कार केला.