टेम्पोभर मडकी

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. मी गेल्या आठवड्यात जो पराक्रम केला तो ऐकताना तोंडात घोट असेल तर ठसका लागेल, आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटेल.

माझा मोठा भाऊ, दादूस म्हणायचो त्याला, मिस्त्री होता. खारघरला लोकांच्या इमारती बांधण्यात जन्म घालवला आणि आता कुठे इथे पनवेलजवळच्या कोन गावात स्वतःचं घर काढलं होतं. भिंती हलक्या पांढऱ्या सिमेंट ब्लॉकच्या. पश्चिमेला वारं यावं म्हणून भाजक्या विटांची जाळी. एसी लावायचा नाही, हा त्याचा हट्ट. भिंती झाल्या, स्लॅबसाठी फळ्या लागल्या, सळ्या बांधायला घेतल्या, आणि हा तापाचं निमित्त करून गेला. मला सांगा, ही काय जायची वेळ आहे? स्लॅबच्या आधी मिस्त्री जातो कधी?

दादूसच्या माणसांनी काम पुढे नेलं. स्लॅब टाकायच्या आदल्या दुपारी मी एकटाच भिंतींना पाणी मारत होतो, तर एक टेम्पो येऊन थांबला.

"कुठे उतरवू?"

"काय आहे?"

"मडकी."

मी ताडपत्री वर करून पाहिलं. पाण्याचे माठ नव्हेत हो. लहान, साधी, लाल मडकी. टेम्पोभर. आता ज्याने नुकतंच खांद्यावर मडकं घेऊन भावाच्या चितेभोवती फेरे मारलेत, ज्याच्या पाठीवरून ते पाणी वाहिलंय, त्याच्या दारात येऊन कोणी विचारतो, कुठे उतरवू. तुम्ही काय केलं असतं? बसा म्हणाला असता?

"कोणी पाठवली?"

"मला काय ठाऊक. कुंभाराने भरली, मी आणली. मिस्त्रीच्या घरी टाक बोलला. मिस्त्री कुठे हायेत?"

मिस्त्री कुठे आहेत! त्यानंतर मी त्याच्या खानदानापासून टेम्पोच्या टायरपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. त्याने घाईघाईने माल रस्त्याच्या कडेला उतरवला आणि पळाला.

हे काम कोणाचं, ते मला लगेच कळलं. शेजारचा बाळूकाका. बांधावर त्याचं आणि दादूसचं मोठ्याने वाजलेलं सगळ्या आळीने ऐकलं होतं. विचार करायला मला वेळ लागत नाही, कारण मी तो करतच नाही. मास्तर हेच म्हणायचे, म्हणून तर शाळा सोडली.

मी फावडं घेतलं आणि मडकी फोडायला लागलो. खरं सांगतो, बरं वाटत होतं. स्मशानात न आलेलं रडू त्या आवाजात आलं. एक मडकं तेवढं ठेवलं, ते नेऊन काकाच्या उंबऱ्यावर आपटलं. जित्या माणसाच्या उंबऱ्यावर मडकं फोडलं की काय होतं ते सांगायला नको. काकीने आतून जो हंबरडा फोडला, तो हायवेपर्यंत गेला असेल.

काका लुंगी सावरत बाहेर आला. "काय रं? मी हाय अजून."

"भावाच्या मागे दारात मडकी पाठवता? लाज नाय वाटत?"

"कसली मडकी?"

"टेम्पोभर पाठवलीत ती."

काकाने खापऱ्या बघितल्या, मला बघितलं. "स्लॅबची?"

"कसला स्लॅब?"

"अरे येड्या, तुजा दादूस ती स्लॅबात घालणार व्हता. सळ्यांच्या मधी उपडी ठेवायची, वरनं काँक्रीट. आत हवा कोंडून राते, वरचं ऊन खाली उतरत नाय. सिमेंट पण कमी लागतं. बांधावर बसून मना समजवत व्हता. मी बोललो, घर बांधतोस का कुंभारवाडा? त्यावरनं तर आमचं वाजलं."

"मग मला का नाय बोलला?"

"तुला नाय बोलला?"

बोलला होता. रोज जेवताना. पण जेवताना कोणी स्लॅबवर बोलतं का? ही काय पद्धत झाली?

काकीच्या ओरडण्याने आळी जमली होती. त्यात मागे वहिनी उभी. रागावली असती तर मी पण रागावलो असतो, सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, "सगळी फोडली, भाऊजी?"

"सगळी."

"सकाळी माणसं येतील. मडकी नसली तर साधा स्लॅब टाकतील. एकदा टाकला की टाकला. मग त्याच्या मनातलं घर कुठून आणायचं?" पुढे म्हणाली, "तो गेला ते कोणाच्या हातात नव्हतं. हे तुमच्या हातात हाय."

तिच्याकडून टेम्पोवाल्याचा नंबर घेतला, कुंभाराचा पत्ता विचारायला. त्याने आवाज ओळखला आणि फोन कापला. शेवटी काकानेच आपली पिकअप काढली. ज्याच्या दारात मडकं फोडलं, त्याच्याच शेजारी बसून पनवेलला निघालो. वाटेत तो एकदाच बोलला, "मिस्त्रीचा भाऊ, आन स्लॅब कशाशी खातात ते ठाऊक नाय."

बाजारात दिसलेल्या पहिल्या कुंभाराने माझं ताजं टक्कल पाहिलं. न विचारता एक लहान मडकं उचललं, पुसलं, माझ्या हातात दिलं. "पैसे राहू दे, पोरा."

"एक नको. जेवढी आहेत तेवढी द्या."

तो मटकन खाली बसला. "सगळी? कुठे बस उलटली काय रे?"

माझं डोकं परत सटकलं. मडकं दिसलं की माणसाला मेलेलंच का आठवतं? म्हटलं, घरात घालायची आहेत. तो उठून चार पावलं मागे सरला. मग मी त्याला समजावत बसलो. सळ्या, उपडी मडकी, कोंडलेली हवा, वरचं ऊन. सगळं बरोबर सांगितलं. कान तेवढे चालू होते म्हणायचे जेवताना.

कुंभार खूश झाला. मुलाला बोलावून मागची रास दाखवायला सांगितली.

"कोणाचं डोकं हे?"

"माझ्या मोठ्या भावाचं."

"डोकं हाय माणसाला. मग कामाला त्याला ठेवायचं, तुला कशाला..." तो बोलता बोलता थांबला. नजर माझ्या टकलावर गेली होती.

दिवसभर ज्याला त्याला भिडलेला मी. त्याच्याशी नाही भांडलो.

"बाबा, माझं पण तेच म्हणणं आहे," म्हटलं, आणि मडकी उचलायला लागलो.