जन्मगावाचा रकाना

लालचंदसरांना पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून पुस्तक निघतंय आणि त्यात मोठमोठे खेळाडू लिहिणार आहेत. माझी शाळा दोन इयत्ता. तरी मला विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं. सरांवर लिहायचा माझा हक्क आहे. कसा, ते सांगते.

सरांना पहिल्यांदा पाहिलं ते उल्हासनगरच्या मैदानावर. मुलगा-सून मस्कतला. नातू मिलिंद कॉलेजसाठी आमच्याकडे बदलापुरात मांजर्लीला आला आणि त्या लांबट चेंडूच्या रग्बीच्या नादी लागला. मी डबा घेऊन गेले, तर चिखलात दहाबारा जण एकमेकांवर पडलेले. मी ओरडलेच, "अहो मास्तर, खाली माझा नातू मरेल ना!"

सर म्हणाले, "अम्मा, खालून हसतोय ना, तोच तुमचा. डब्यात काय आणलंय?"

भाकरी आणि सुकट होती. अर्धी भाकरी सरांनीच संपवली. ओळख झाली ती अशी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला देशाचा संघ निवडायचा ठरलं. सर निवड समितीवर होते. पहिल्या यादीत मिलिंदचं नाव आलं. मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले, खालच्या वॉचमनलासुद्धा. तिसऱ्या दिवशी सर दारात. चहाही घेईनात.

"अम्मा, मिलिंद जन्मला मस्कतला. सोमवारपर्यंत कागद नाही आला तर नाव कटणार."

मी म्हटलं, पासपोर्ट तर आपल्याच देशाचा आहे! सरांनी समजावलं, या खेळात पासपोर्ट विचारत नाहीत. खेळाडू इथे जन्मलेला हवा, नाहीतर आईबाप, आजीआजोबा यांतलं कुणीतरी एक. तेही नसेल तर सलग तीन वर्षं मुक्काम हवा. मिलिंदला येऊन अडीच वर्षं झालेली. सून अनाथाश्रमात वाढली, तिच्या जन्माची नोंदच नाही. मुलगा घरी जन्मला, आणि त्याच्या शाळेच्या दाखल्यात जन्मगावाचा रकाना कोरा. आमचे हे तर शाळेची पायरीही चढले नव्हते. आणि मी? मी सगळ्यांना सांगायचे, मी अंगठेवाली.

समितीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं होतं की मिलिंदच्या येण्याची तारीख सहा महिने मागे घाला. सरांनी नाही म्हटलं. मला असा राग आला!

"तुमचं काय जातंय? सहा महिन्यांसाठी पोरगा परका झाला का?"

"अम्मा, खोट्या तारखेवर खेळला तर रोज भीती, कोणीतरी येऊन जर्सी उतरवणार. तसं नाही खेळवायचं मला त्याला."

मी तोंड फिरवलं. सरांनी मुदत वाढवून मागायचा अर्ज पुढे केला आणि स्टॅम्पपॅड उघडलं. रागाच्या भरात मी त्यांच्या हातातलं पेन ओढलं आणि लिहिलं, सुंदरा.

सर बघतच राहिले. "अम्मा, हे कुठे शिकलात?"

मग सांगावं लागलं. दोन इयत्ता शिकले होते. पण चाळीत बायका पत्र वाचायला आणायच्या, मला धड वाचता यायचं नाही, हसं व्हायचं. त्यापेक्षा अंगठा बरा.

"म्हणजे शाळेच्या रजिस्टरात नाव असणार!" सर उभेच राहिले. "गाव कुठलं?"

"गाव पाण्यात आहे, सर. बारवीच्या धरणात गेलं."

सर म्हणाले, "माझ्या आईचं गाव सिंधमध्ये राहिलं. बॉर्डरपलीकडे. कागद तेवढे आणले तिनं. चला, शोधू या."

शनिवारी सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी माळावरच्या शाळेत गेले. गाव उठलं तेव्हा आमच्या शाळेच्या वह्या बैलगाडीतून तिथेच नेल्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "एवढ्या जुन्या? वाळवीनं ठेवल्या असतील तर!" पेटी उघडली. पहिल्या वहीचा भुगा झालेला. दुसरीत मुलांचीच नावं. तिसरीची अर्धी पानं खाल्लेली. सर एकेक पान असं उलटत होते, जसं पानाला दुखेल.

सापडलं. सुंदरा गोविंद. पुढे जन्मगाव, माझं बुडालेलं गाव, निळ्या शाईत कोरडं ठणठणीत. आणि त्याच्या शेजारी जातीचा रकाना. आम्ही धम्म घेतला त्याच्या आधीचा तो शब्द. मुख्याध्यापक वाकून बघायला लागले, तसा सरांनी त्या रकान्यावर तळहात ठेवला आणि मोठ्यानं वाचलं, "नाव सुंदरा, जन्मगाव हे. बस, एवढंच पाहिजे." कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मुख्याध्यापकांनी तेवढाच दाखला लिहून दिला आणि सोमवारी तो मंजूर झाला. सर म्हणाले, "आता मिलिंदला पळावं लागेल. त्यात माझी मदत नाही." शेवटच्या निवडीला मिलिंदची पाळी आली तेव्हा ते खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. त्याच्यासाठी वणवण केली होती ना, म्हणून त्याच्यावर मत द्यायला नको. मिलिंदचं नाव यादीत शेवटचं आलं. शेवटचं तर शेवटचं! मी पुन्हा पेढे वाटले.

दाखल्याची एक प्रत सरांनी मला आणून दिली. "ही तुमची, अम्मा." त्या दिवसापासून मी कुठेही अंगठा दिला नाही.

सर, मी तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, म्हणून आशीर्वादच देते. गुडघे सांभाळा, स्कूटर आता दुसऱ्याला चालवू द्या, आणि भरपूर जगा. तुमच्या शंभरीच्या पुस्तकातही मला लिहायचंय. हे एवढं लिहायला आठ दिवस लागले. नातसून म्हणाली, आजी, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं, या माणसासाठी नको. खालची सहीसुद्धा माझीच आहे.

सुंदरा