डोमाजीची रेघ

फ्यूज झालेला बल्ब फेकायचा नाही, ही आमच्या दुकानाची रीत. एका घमेल्यात टाकायचा. कशासाठी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एक घमेलं भरलं की दुसरं यायचं. माझ्या किश्शांचंही तेच झालं, भौ. एकही मी फेकला नाही. आता तुमच्यासारखे चार जण बसले की घमेलं हलवतो आणि हाताला लागेल तो काढतो.

दुकान वरठीला, स्टेशनच्या रस्त्यावर. ऑटो इलेक्ट्रिकचं. काळ ऐंशी सालच्या आगेमागे. मालक देवरामभाऊ, हेडलाइटचं काम त्याचं. मी डायनॅमो आणि सेल्फ पाहायचो. समोर राइस मिलची लांब भिंत, आणि त्या भिंतीवर गेरूच्या दोन आडव्या रेघा. एक खाली, दुसरी तिच्यावर चार बोटं. खालची रिकाम्या गाडीची. वरची डोमाजीची!

डोमाजी म्हणजे त्याच मिलचे निवृत्त काटेवाले. जन्मभर धानाची पोती तोलली आणि स्वतःही दीड पोत्याला भारी. मिलमधून सुटले आणि आमच्या बाकावर येऊन बसले ते बसलेच. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो.

गाडीच्या मागे वजन पडलं की मागची बाजू दबते, नाक वर येतं आणि हेडलाइटचा उजेडही वर चढतो. म्हणून देवरामभाऊ दिवेलागणीला गाडी भिंतीपुढे उभी करायचा. रिकाम्या गाडीचा उजेड स्क्रू फिरवून खालच्या रेघेवर आणायचा आणि मग काकाजींना मागच्या सीटवर बसवायचा. उजेड वरच्या रेघेला टेकला तर गाडी ठीक. त्याच्याही वर गेला तर समजायचं, मागचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगा, बसले.

काकाजी आतूनच विचारायचे, "आलो का?"

आम्ही ओरडायचो, "आले, काकाजी!"

घरी त्यांना काही कमी नव्हतं. दोन सुना, नातवंडं, वेळेवर जेवण. पण काकी गेल्यापासून कामासाठी म्हणून कोणी त्यांना हाक मारत नव्हतं. आमच्याकडे मात्र त्यांच्यावाचून एक गाडी सुटत नव्हती. हे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायचे.

*

बपेऱ्याचे एक पाटील अँबेसिडर घेऊन आले. लाइट रस्त्यावर पडतच नाही, नुसते झाडांचे शेंडे दिसतात, बल्बच खराब आहे, अशी तक्रार. दोनदा बल्ब बदलून झाले होते.

काकाजी मागे बसले. उजेड त्यांची रेघ ओलांडून वीतभर वर! देवरामभाऊने विचारलं, मागे बसतं कोण? पाटलांनी मोजायला सुरुवात केली. आई, दोन आत्या, मामेसासू, एखाद्या वेळी मावसभाऊ, आणि डिक्कीत तांदळाचं पोतं.

काकाजींनी खिडकीतून डोकं काढलं. "पाटील, बल्ब कायले बदलवता? सोयरे बदलवा!"

पाटील पोट धरून हसले. सोयरे तर बदलता येत नव्हते, म्हणून बिचाऱ्यांनी पाटे बदलले.

*

आंबागडकडच्या एका जंगल ठेकेदाराची जीप आली. तिचा एक लाइट रस्त्यावर, दुसरा पार डावीकडे झुडपात. देवरामभाऊचं अंगच तापलं. त्याने संध्याकाळभर खपून दोन्ही लाइट असे सरळ केले, की भिंतीवर पाहत राहावं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर परत हजर. लाइट होता तसा करून द्या म्हणाला. का रे बाबा?

"आता रस्ता दिसते जी. पण रोही नाही दिसत. अन् रोही काही रस्त्यावरून येत नाही!"

रोही म्हणजे नीलगाय, ठेकेदाराची रात्रीची शिकार. देवरामभाऊने डावा लाइट परत झुडपाकडे वळवून दिला. एवढ्या आयुष्यात त्याने मुद्दाम बिघडवलेलं काम ते एकच.

*

मग ती गाडी आली. एका कारखान्यात मशीन बसवायला कोणी इंजिनिअर साहेब आले होते, त्यांची परदेशी गाडी. अर्धं वरठी पाहायला जमलं. साहेब सांगायला लागले की या गाडीचे हेडलाइट स्वतःच सरळ होतात. अ‍ॅक्सलपासून लाइटपर्यंत बारीक सळ्या आहेत. मागे वजन पडलं की सळी हलते आणि लाइटचं तोंड तेवढंच खाली करते. पण खेड्यातल्या रस्त्यांवरून आणल्यापासून उजेड वरच जातो आहे.

देवरामभाऊने नेहमीसारखं काकाजींना बसवलं. उजेड थेट त्यांच्या रेघेवर टेकला.

"आलो का?"

"आले!"

"मंग गाडी चांगली आहे," असा निकाल देऊन काकाजी उतरले. साहेब म्हणाले, अहो, हाच तर बिघाड! कोणीही बसलं तरी उजेड खालच्या रेघेवरच राहायला हवा.

देवरामभाऊ गाडीखाली शिरला. एका सांध्यातून सळी निसटलेली, दुसऱ्यात चिखल वाळून दगड झालेला. रॉकेलने धुतलं, ग्रीस भरलं, सळी बसवली. काकाजी परत बसले. उजेड खालच्या रेघेवरच.

"आलो का?"

ते उतरले आणि पुन्हा बसले, या वेळी जरा आदळूनच. उजेड तिथंच. साहेब तर टाळ्या वाजवायचेच बाकी होते.

काकाजी उतरून त्या गाडीकडे पाहत राहिले. "मी बसलो का उतरलो, हे इले समजतच नाही. असी गाडी काय कामाची?" आणि चहा न पिता घरी गेले. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

*

त्यानंतर ते दुकानात आलेच नाहीत. म्हातारा रुसला म्हणून आम्ही हसत होतो. शेवटी देवरामभाऊ समजूत काढायला त्यांच्या घरी गेला आणि तोंड उतरवून परत आला. काकाजी काविळीने अंथरुणाला खिळले होते.

पोळ्याच्या सुमारास ते आले. सदरा खांद्यावरून लोंबत होता. भिंतीपुढे एक टॅक्सी उभीच होती. कोणी म्हणायच्या आत ते मागे जाऊन बसले. उजेड दोन बोटं चढला आणि थांबला.

"आलो का?"

"आले, काकाजी," देवरामभाऊ म्हणाला.

पण भिंत त्यांनाही दिसत होती. "माही रेघ तं वर आहे ना रे."

नवे पाटे आहेत, कडक आहेत, असं देवरामभाऊने सांगून पाहिलं. काकाजी हं म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडी आली तर ते बाकावरून उठलेच नाहीत. दुसऱ्या कोणाले बसव, म्हणाले. ते ऐकून देवरामभाऊने हातातला पाना खाली ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

मग त्याने घरून धानाचं अर्धं पोतं आणलं. गाडी आली की मी काकाजींना टपरीवर चहाला न्यायचं, आणि तेवढ्यात देवरामभाऊने रिकाम्या गाडीचा उजेड खाली लावून पोतं हळूच डिक्कीत टाकायचं. पहिल्या दिवशी मी अक्षरशः हात धरून काकाजींना मागच्या सीटवर बसवलं. उजेड सरसर चढला आणि बरोबर त्यांच्या रेघेला टेकला.

"आलो का?"

"आले, काकाजी!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

त्या दिवसापासून काकाजी पुन्हा पहिल्यासारखे झाले. गिऱ्हाइकांना दटावू लागले. चहा मात्र आता सावकाश प्यायचे, गाडीकडे पाठ करून. आमची चाल जमली, म्हणून आम्ही खूश होतो.

दिवाळी झाली, नवं धान निघालं. एका संध्याकाळी भंडाऱ्याची एक अँबेसिडर आली. चहा झाला, काकाजी बसले, आणि उजेड त्यांची रेघ ओलांडून दोन बोटं वर गेला! देवरामभाऊने मान हलवून गिऱ्हाइकाला सांगितलं की पाटे गेले. तो माणूस रडकुंडीला आला, पाटे तर त्याने नुकतेच बदलले होते. दोघांची चांगलीच जुंपली.

काकाजी सावकाश उतरले. चप्पल घातली. देवरामभाऊचा दंड धरून त्याला माझ्याजवळ बाजूला आणलं आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"पाटे चांगले आहेत, देवराम. डिक्कीतल्या पोत्यातून दोन पायल्या धान काढून घे. मी आता अंगानं भरून राहिलो."