मुखरूने थांबवलेली खोली

सावली गावात कुणाला घरात फरशी बसवायची असली की मुखरू मिस्त्रीचं नाव निघायचं आणि त्याच्या पाठोपाठ दसरूचं. सोळा वर्षं दोघं जोडीने कामाला जात. दसरूला फरशीची पातळी बघायची पाणसळ धरायला मुखरूनेच शिकवलं होतं. त्याच्या पोरीच्या लग्नात मुखरू आठ दिवस घरच्यासारखा राबला होता.

गेल्या आषाढात साधनाबाईंनी दोघांना बोलावलं. बाई दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांची मुलगी हर्षा बाळंतपणाला येणार होती. तिच्या खोलीतल्या थंडगार टाइल्स काढून तिथे लाकडासारख्या लॅमिनेटच्या पट्ट्या बसवायच्या होत्या. तीन दिवसांत टाइल्स निघाल्या. खाली चिकटून राहिलेलं सिमेंट मुखरूने छन्नीने सोललं, उंचवटे ग्राइंडरने घासले, लांब पट्टी फिरवून खळगे शोधले आणि भरले. खालचा सिमेंटचा कोबा तळहाताला गुळगुळीत लागू लागला, तेव्हा आता पट्ट्याच बसवायच्या राहिल्या असं बाईंना वाटलं.

पण मागच्या भिंतीला लागूनच धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत होतं आणि त्यात पाणी भरलेलं होतं. मुखरूने कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा पसरला आणि चारी कडा टेपने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते. दसरू शेजारीच उकिडवा बसून पाहत होता.

“पाणी खालून येऊन राह्यलं, बाई,” मुखरू म्हणाला. “झाकलं तं पट्ट्या फुगतीन. धान निघेपर्यंत थांबा.”

बाई हिरमुसल्या, पण हो म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मुखरूच्या बायकोच्या, आशाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन गडचिरोलीला ठरलं. खोलीची किल्ली दसरूकडे देऊन मुखरू गेला. पाच दिवसांनी अवजारं आणायला तो बाईंकडे आला, तर दसरू गुडघ्यावर बसून शेवटची पट्टी ठोकत होता.

दसरू वर न बघताच म्हणाला, की कोबा सुकला होता. भर पावसात, बांधीत पाणी असताना.

मुखरू बाईंकडे गेला. बाईंनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. मुखरू मुद्दाम काम लांबवतो, एकेक घर अडकवून ठेवतो, असं दसरूने त्यांना कधीच सांगून ठेवलं होतं. टाइल्स निघत होत्या त्याच दिवसांत. म्हणजे दुपारी मुखरूच्या डब्यातली भाजी खाऊन हा माणूस माजघरात जाऊन हे बोलत होता. मूल गावात बाईंच्या भावाच्या अख्ख्या घराची फरशी बसवायची होती, ते काम आता एकट्या दसरूला मिळालं होतं. मुखरूने छन्नी-हातोडा पिशवीत भरला आणि पायीच घरी आला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पोळ्याच्या सुमारास पट्ट्या फुगल्या. सांधे वर आले, खोलीला कुबट वास सुटला. हर्षाला बाळासकट समोरच्या खोलीत हलवावं लागलं. दसरूने गावभर सांगितलं, की कोबा मुखरूने केला होता, आपण फक्त वरून पट्ट्या टाकल्या. मुखरूची ठरलेली दोन कामं त्यामुळे गेली. मग बाईंचा फोन आला.

जायचं नाही म्हणून मुखरू बसून राहिला. आशाबाई म्हणाली, “तुमी जा. नाई गेले तं तो म्हणते तेच खरं होईन.”

बाईंनी दसरूलाही बोलावलं होतं. मुखरूने कोपऱ्यातून पट्ट्या उचलल्या. खालचा फोम भिजून काळा पडला होता आणि फोमखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा कागदसुद्धा अंथरलेला नव्हता.

मुखरूने आवाज चढवला नाही. “तू थेंब पाह्यले होते का नाई, दसरू? एवढंच बाईले सांग.”

दसरूने ओल्या कोब्याला हात लावला. “पाह्यले होते,” तो म्हणाला.

बाईंनी मुखरूची माफी मागितली. बांधी आटली, धान कापून झालं, तेव्हा मुखरूने भिंतीमागे नाली खोदून पाण्याला वाट दिली. महिनाभर खोली उघडी ठेवली आणि प्लास्टिक दोनदा कोरडं निघाल्यावरच एकट्याने पट्ट्या बसवल्या. त्या अजून जागच्या हललेल्या नाहीत.

बाजारात भेटला की दसरू ‘भाऊ’ म्हणून हाक मारतो. मुखरू थांबतो, पोरीची खुशाली विचारतो. ‘काऊन केलं?’ असं कारण मात्र त्याने अजून विचारलेलं नाही. दसरू काही तरी उत्तर देईल आणि त्यावर आपला विश्वास बसणार नाही, हे त्याला ठाऊक आहे.